सूत्र कोणतं, हा प्रश्न थोडा मागे ठेव

पत्राचा सारांश: महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं आहे. प्रोजेक्टाइल मोशनची, म्हणजे प्रक्षेप्य गतीची, गणितं तिला अडतात. शिक्षक फळ्यावर सोडवतात तेव्हा प्रत्येक ओळ पटते, पण घरी वही उघडली की पहिली ओळच सुचत नाही. तिनं चौदा सूत्रांचा एक कागद केला आहे आणि तो तिला तोंडपाठ आहे. गेल्या चाचणीत असं गणित आलं होतं: १५ मीटर उंच इमारतीच्या छपराच्या कडेवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं, आडव्या रेषेच्या वर ३० अंशांच्या कोनात फेकला. तो इमारतीपासून किती अंतरावर जमिनीवर पडेल? (गुरुत्व त्वरण १० धरायचं.) तिनं आधी वर्गसमीकरण मांडलं, पण वर्गमुळाखाली ऋण संख्या आली. घाबरून तिनं ते खोडलं, पल्ल्याचं सूत्र वापरलं आणि ३४.६ मीटर हे उत्तर लिहिलं. शून्य गुण मिळाले. मैत्रीण सांगते, दोनशे गणितं सोडव. खासगी शिकवणीतले सर सांगतात, प्रत्येक प्रकाराचा शॉर्टकट पाठ कर. तिला स्वतःला वाटतं की आपल्याकडे भौतिकशास्त्राचं डोकंच नाही, विषय बदलावा. ती विचारते, "कोणत्या गणिताला कोणतं सूत्र लावायचं, हे ओळखायचं कसं?"

उत्तर:

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी कागद घेतला आणि तुझी दोन्ही उत्तरं तपासली, खोडलेलं आणि लिहिलेलंही. त्यात मला जे दिसलं ते तुझ्या शून्य गुणांपेक्षा फार मोलाचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आधी ३४.६ मीटर. चेंडू २० च्या वेगानं ३० अंशांत निघाला, म्हणजे त्याचा उभा वेग २० गुणिले साइन ३०, म्हणजे १०, आणि आडवा वेग २० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे १७.३. गुरुत्व दर सेकंदाला उभ्या वेगातले १० काढून घेतं. एका सेकंदात उभा वेग संपला, तोवर चेंडू छपरापासून ५ मीटर वर गेला. पुढच्या एका सेकंदात तो परत छपराच्या पातळीला आला. या दोन सेकंदांत तो आडवा किती सरकला? १७.३ गुणिले २, साधारण ३४.६ मीटर. तुझंच उत्तर! तू लिहिलेल्या अंतरावर चेंडू खरोखर येतो. फक्त त्या क्षणी तो जमिनीपासून १५ मीटर उंच हवेत असतो. पल्ल्याचं सूत्र तुला एवढंच सांगू शकत होतं, कारण ते "चेंडू निघाला त्याच पातळीला परत आला" या एका परिस्थितीसाठी काढलेलं आहे. सूत्रानं तुला फसवलं नाही. तू त्याला जे विचारलंस त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलं.

आता खोडलेलं. वेळेला आपण ट म्हणू. तू बहुधा १५ = १०ट − ५ट² असं मांडलं असणार, कारण त्यातूनच ट² − २ट + ३ = ० येतं आणि वर्गमुळाखाली ४ वजा १२, म्हणजे उणे ८ उरतात. हे समीकरण काय विचारतंय ते मोठ्यानं वाचून बघ: "चेंडू छपराच्या १५ मीटर वर केव्हा असेल?" पण चेंडू छपराच्या वर जास्तीत जास्त ५ मीटरच जातो, हे आपण आत्ताच पाहिलं. समीकरणानं तुला सांगितलं, "कधीच नाही." वर्गमुळाखालच्या ऋण संख्येचा इथं अर्थ तोच आहे. तुला वाटलं गणित बिघडलं. खरं तर गणित अगदी प्रामाणिकपणे तुझ्याशी बोलत होतं, आणि तू घाबरून त्याचं बोलणं खोडून टाकलंस.

जमीन छपराच्या खाली आहे. वरची दिशा धन धरली, तर उंचीतला बदल उणे १५. म्हणजे −१५ = १०ट − ५ट². पाचानं भाग दे: ट² − २ट − ३ = ०. अवयव पाडले की (ट − ३)(ट + १) = ०. तीन सेकंदांनी चेंडू जमिनीवर. आडवं अंतर १७.३ गुणिले ३, म्हणजे जवळपास ५२ मीटर.

एका चिन्हाचा फरक होता. "चिन्ह चुकलं" म्हणून कुणी हे सोडून देईल, पण मला तसं वाटत नाही. त्या चिन्हामागे, चेंडू कोणत्या क्षणी कुठे आहे हे चित्र तुझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. चित्र असतं तर उणे आपोआप आलं असतं. म्हणून तुझ्या प्रश्नातच मला थोडा बदल करावासा वाटतो. कोणतं सूत्र लावायचं, हा प्रश्न थोडा मागे ठेव. आधी हे विचार: हे गणित कोणत्या क्षणाबद्दल विचारतंय?

प्रक्षेप्य गतीत मुळात शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि चौदा सूत्रांच्या गर्दीत तीच हरवते. आडवी गती आणि उभी गती एकमेकींची दखल घेत नाहीत. आडव्या दिशेला कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही, म्हणून तो वेग जसा निघाला तसाच राहतो. उभ्या दिशेला गुरुत्व सतत खाली ओढतं. दोघींमध्ये सामाईक एकच गोष्ट आहे, घड्याळ. उभ्या गतीला तीन सेकंद लागले, तर आडवीलाही तीनच. त्यामुळे जवळपास प्रत्येक गणितात तू एका बाजूकडून वेळ मिळवतेस आणि दुसऱ्या बाजूला नेऊन वापरतेस. छपराच्या गणितात वेळ उभ्या गतीनं दिला. पुढे एक गणित सांगते, त्यात तो आडवी देईल.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण माणसांना ते सुचायला फार वेळ लागला, हे तुला ठाऊक असावं असं मला वाटतं. १५३७ साली निकोलो टार्टाग्लिया या इटालियन गणितज्ञानं तोफगोळ्यांवर पुस्तक लिहिलं. सर्वांत लांब पल्ला ४५ अंशांत मिळतो, हे त्यानं सांगितलं होतं. पण गोळ्याचा मार्ग त्यानं कसा काढला? आधी एक सरळ रेषा, मग वर्तुळाचा तुकडा, मग सरळ खाली पडणारी रेषा. एका वेळी एकच गती, आधी फेकल्याची आणि ती संपली की पडण्याची. दोन्ही गती पहिल्या क्षणापासून एकत्र चालू असतात आणि त्यांच्या मिलाफातून अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, तयार होतो, हे गॅलिलिओनं १६३८ सालच्या आपल्या पुस्तकात सिद्ध करून मांडलं. मधे शंभर वर्षं गेली. त्या काळात तोफा रोज डागल्या जात होत्या आणि त्यावर विचार करणारी माणसं मुळीच सामान्य नव्हती. तुला हे पंधरा दिवसांत अंगवळणी पडलं नाही, यात डोक्याचा कमीपणा कुठं आला?

टार्टाग्लियाची ती कल्पना अजून आपल्या सगळ्यांच्या मनात घर करून असते. अमेरिकन संशोधक जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सरळ वर उडवलेल्या नाण्याचं चित्र दिलं होतं आणि नाणं वर जात असताना त्यावर कोणती बलं आहेत हे विचारलं होतं. पुष्कळांनी वरच्या दिशेनं एक बल दाखवलं, हातानं दिलेलं आणि नाण्यासोबत वर चाललेलं. असं बल नसतंच. हात सुटल्यावर, हवेचा रोध सोडला तर, फक्त गुरुत्व उरतं. तू स्वतःला एकदा विचारून बघ: चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचा वेग किती, त्वरण किती? मन पटकन "दोन्ही शून्य" म्हणालं, तर तुझी अडचण सूत्रांच्या आधीची आहे आणि ती आधी सोडवायला हवी. तिथं फक्त उभा वेग शून्य असतो. आडवा १७.३ जसाच्या तसा असतो, आणि त्वरण पूर्ण १०, खालच्या दिशेला, एका क्षणाचीही सुटी न घेता. त्वरण तिथं शून्य झालं असतं, तर चेंडू त्या उंचीवरून सरळ आडवा जातच राहिला असता.

आता "क्षण ओळखणं" म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. गणित शब्दांत येतं. त्यातला एखादा शब्द एका क्षणाकडे बोट दाखवत असतो, आणि तो शब्द तुला समीकरणात उतरवायचा असतो. "जमिनीवर पडतो" म्हणजे उंचीतला बदल ठाऊक आहे. "सर्वांत उंच जातो" म्हणजे उभा वेग शून्य. "४५ अंशांत खाली येत असतो" म्हणजे उभा आणि आडवा वेग आकड्यानं सारखे, उभा मात्र खालच्या दिशेला. "भिंतीवरून पार होतो" म्हणजे आडवं अंतर ठाऊक आहे आणि उंची तपासायची आहे.

हे शेवटचं करून बघू. जमिनीवरून चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगानं मारला, कोन असा की आडवा वेग १५ आणि उभा २०. समोर ४५ मीटरवर १२ मीटर उंच भिंत आहे. चेंडू पलीकडे जाईल का? पल्ल्याचं सूत्र शोधू नकोस, कमाल उंचीचंही नको. क्षण कोणता? चेंडू भिंतीच्या जागी पोचतो तो. घड्याळ कोण सांगणार? आडवी गती: ४५ भागिले १५, तीन सेकंद. तो वेळ उभ्या गतीत घाल: २० गुणिले ३ म्हणजे ६०, त्यातून ५ गुणिले ९ म्हणजे ४५ वजा. उंची १५ मीटर. चेंडू भिंतीवरून ३ मीटर वरून जातो. आणि जाताना तो चढत असतो की उतरत? उभा वेग २० वजा ३०, उणे १०. उतरत असतो. छपराच्या गणिताशी हे शब्दांत कुठंच जुळत नाही, पण आतून तेच आहे. फक्त घड्याळ सांगणारी बाजू बदलली.

यावरून तुझ्या शिकवणीतल्या सरांच्या सल्ल्याकडे येते. शॉर्टकट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पर्यायी उत्तरांची परीक्षा असेल, प्रश्नाला मिनिट-दीड मिनिट मिळत असेल, तर पल्ल्याचं सूत्र हाताशी असणं उपयोगाचं आहे. पण प्रत्येक "प्रकाराचा" शॉर्टकट, इथं मला थांबावंसं वाटतं. प्रकार म्हणजे काय? छपराची गणितं, भिंतीची गणितं, विमानातून पडलेल्या पेटीची गणितं? १९८१ साली मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नवशिक्यांना आणि जाणकारांना भौतिकशास्त्राच्या गणितांचे गट पाडायला सांगितले. नवशिक्यांनी वरवर दिसणाऱ्या गोष्टींवरून गट केले: उताराची गणितं वेगळी, स्प्रिंगची वेगळी. जाणकारांनी आतल्या तत्त्वावरून केले: इथं ऊर्जा अक्षय्यता, इथं न्यूटनचा दुसरा नियम. प्रकारानुसार शॉर्टकट पाठ करणं म्हणजे नवशिक्याची वर्गवारी पक्की करत जाणं. परीक्षेत छपराऐवजी दरी आली, चेंडूऐवजी पाण्याची धार आली, की तो कागद मुका होतो.

तुझा चौदा सूत्रांचा कागद मात्र फाडू नकोस, त्याला कामाला लाव. एकेक सूत्र घे आणि मागच्या बाजूला ते स्वतः काढून बघ. सुरुवात फक्त तीन गोष्टींपासून: आडवं अंतर म्हणजे आडवा वेग गुणिले वेळ, उभ्या वेगातून दर सेकंदाला १० जातात, आणि उंचीतला बदल म्हणजे सुरुवातीचा उभा वेग गुणिले वेळ, वजा ५ गुणिले वेळेचा वर्ग. बाकीची सूत्रं यांतूनच निघतील. एखादं निघालं की त्याखाली त्याची अट लाल शाईनं लिही. पल्ल्याखाली "सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर". कमाल उंचीखाली "निघाल्या पातळीपासून मोजलेली". दोन संध्याकाळी जातील. मला वाटतं, त्या दोन संध्याकाळी दोनशे गणितांपेक्षा जास्त देऊन जातील.

मैत्रिणीचा सल्ला प्रेमाचा आहे, आणि त्यात तथ्यही आहे, कारण हे पोहण्यासारखं काम आहे, काठावरून बघून येत नाही. पण दोनशे गणितं तू आत्ताच्या रीतीनं सोडवलीस, म्हणजे सूत्र शोध, आकडे घाल, मागे उत्तर बघ, तर तीच सवय दोनशे वेळा घोटली जाईल. मी वीस सांगेन, आणि प्रत्येक दोनदा. पहिल्यांदा गणित वाचल्यावर पाच मिनिटं सूत्र लिहायचंच नाही. चित्र काढायचं, आणि चांगलं मोठं, अर्ध्या पानाचं; बोटाएवढ्या चित्रात काही दिसत नाही. सुरुवातीचा बिंदू कुठं, वर धन की खाली धन, हे त्यावर लिहून टाकायचं. खाली धन धरलंस तरी चालतं, मात्र मग त्वरणही धन होतं आणि वर फेकलेल्या चेंडूचा उभा वेग ऋण. एकदा ठरवलं की गणित संपेपर्यंत बदलायचं नाही. मग कागदाला मधोमध उभी रेघ मार, डावीकडे आडवी गती, उजवीकडे उभी. जे दिलंय ते ज्याच्या त्याच्या घरात टाक. वेगाचे घटक, म्हणजे उभा आणि आडवा वेग, पाडल्यावर मूळ २० हा आकडा पुन्हा कुठं वापरायचा नाही. वह्या तपासताना मला सगळ्यांत जास्त सापडणारी चूक हीच असते: उभ्या गतीच्या समीकरणात १० च्या जागी २० बसलेले असतात. मग एक वाक्य मराठीत लिही: "मला अमुक क्षणाची वेळ हवी आहे, आणि ती अमुक बाजू देईल." हे वाक्य लिहिता आलं की पुढचं काम बीजगणिताचं. लिहिता आलं नाही, तर कुठं अडलंय हे निदान तुला नेमकं कळेल, आणि शिक्षकांकडे जाताना "मला काही कळत नाही" याऐवजी तू नेमका प्रश्न घेऊन जाशील.

दुसऱ्यांदा तेच गणित तीन-चार दिवसांनी, कोऱ्या कागदावर, जुनं पान न बघता. याचा कंटाळा येतो, मी जाणते. पण "फळ्यावर बघताना कळतं, घरी सुचत नाही" या तुझ्या तक्रारीवरचा उपाय इथंच आहे. दुसऱ्यानं काढलेली पायरी पटणं आणि ती पायरी स्वतःला सुचणं ही दोन वेगळी कामं आहेत. फळ्यासमोर बसून तू पहिलंच करतेस. यात आम्हा शिकवणाऱ्यांचाही दोष आहे आणि तो मी मनापासून कबूल करते. मी घरून गणित सोडवून येते आणि वर्गात सरळ रस्त्यानं उत्तरापर्यंत चालत जाते. पहिल्या प्रयत्नात मी कुठं चुकले, कोणती बाजू आधी धरली आणि सोडली, काय बघून मागे फिरले, यातलं काहीच फळ्यावर येत नाही. विद्यार्थ्यांना वाटतं, येणाऱ्याला ते असंच एका दमात येतं. आता मी मुद्दाम कधी कधी न पाहिलेलं गणित वर्गातच उघडते. तुझ्या शिक्षकांना तू हे विचारू शकतेस: "हे सोडवताना तुम्ही आधी कशाकडे बघितलंत?" बहुतेकांना हा प्रश्न आवडतो.

सोडवलेली उदाहरणं वाचायची असतील तर पुस्तकावर कोरा कागद ठेवून वाच. एक ओळ उघड, पुढची काय असेल ते स्वतः लिही, मग कागद खाली सरकव. व्हिडिओ बघताना तोच नियम: गणित वाचून झालं की थांबव.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. कॅल्क्युलेटर अंशांत आहे की रेडियनमध्ये, हे परीक्षेला बसल्याबसल्या बघ. साइन ३० दाबून ०.५ आलं पाहिजे. आकडे शक्य तितके उशिरा घाल. अक्षरं शेवटपर्यंत ठेवलीस तर तेच गणित चंद्रावर नेता येतं, गुरुत्व त्वरण १.६२ केलं की झालं. वस्तुमान दिलेलं असेल आणि हवेचा रोध धरायचा नसेल, तर त्याचा उपयोग शोधत बसू नकोस, गतीच्या समीकरणांत ते येतच नाही. उतारावर पडणाऱ्या चेंडूचं गणित आलं तर अक्ष उताराच्या दिशेनं वळवून बघ, पुष्कळदा काम हलकं होतं. तेव्हा मात्र गुरुत्वाचेही दोन घटक पाडावे लागतात.

ताळ्यावर मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण चाचणीत तुला त्यानंच वाचवलं असतं. छपराच्या गणितात उत्तर लिहिल्यावर दहा सेकंद थांबून विचार केला असतास: जमिनीवरूनच फेकला असता तर पल्ला ३४.६ आला असता, मग १५ मीटर उंचावरून फेकल्यावर तेवढाच कसा? जास्तच यायला हवा. एवढी शंका पुरे होती. दुसरा ताळा ऊर्जेचा. जमिनीवर आदळताना वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ४००, अधिक २ गुणिले १० गुणिले १५, म्हणजे ७००. आता घटकांवरून काढ: आडवा वेग १७.३, त्याचा वर्ग ३००. उभा १० वजा ३०, उणे २०, त्याचा वर्ग ४००. बेरीज ७००. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, की त्या क्षणी मनाला जो भरवसा वाटतो तो कोणत्याही गुणांतून मिळत नाही. तो तू अनुभवावास असं मला फार वाटतं.

ताळा घेताना पाठ केलेली वाक्यंही तपासली जातात. "सर्वांत लांब ४५ अंशांत जातो" हे तुझ्या कागदावर नक्की असेल. याच छपरावरून, याच वेगानं ४५ अंशांत फेकून बघ. चेंडू सुमारे ५१.६ मीटरवर पडतो, म्हणजे ३० अंशांतल्या ५२ पेक्षा थोडा अलीकडेच! सर्वांत लांब तो ३७ अंशांच्या आसपास जातो, साधारण ५२.९ मीटर. उंचावरून फेकताना खाली यायला वेळ मुळातच मिळतो, म्हणून थोडा आडवा वेग राखणं फायद्याचं ठरतं. गोळाफेकीत गोळा खांद्याच्याही वरून सुटतो, आणि तिथंही चांगला कोन ४५ पेक्षा कमी असण्याचं एक कारण हेच आहे. टार्टाग्लियाच्या ४५ अंशांनाही अट आहे, तीसुद्धा लाल शाईनं लिहून ठेव.

आता विषय बदलण्याबद्दल. तुझा निर्णय तुझाच आहे, आणि तुला दुसरं काही मनापासून आवडत असेल तर जरूर बदल. पण या चाचणीच्या जोरावर बदलू नकोस. तुझ्या पत्रात मला डोकं नसल्याची एकही खूण दिसली नाही. वर्गसमीकरण मांडायला हवं हे तुला आपणहून सुचलं होतं, आणि तीच बरोबर वाट होती. ज्या मुलीला काहीच कळत नाही ती थेट पल्ल्याच्या सूत्रावर जाते. तू आधी योग्य दारात गेलीस आणि आतून आलेला आवाज ऐकून घाबरून मागे फिरलीस. महिनाभर वरच्या रीतीनं वीस गणितं कर. त्यानंतरही चेंडू, वेळ, उंची यांचा विचार करताना तुला ओझंच वाटलं, एकदाही मजा वाटली नाही, तर तेव्हा विषय बदलण्याचा विचार निवांतपणे कर. गुण कमी पडतात म्हणून नाही, तर आवड नाही म्हणून. या दोन्हींत फार फरक आहे, आणि आज तुझ्याजवळ फक्त पहिलं कारण आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. छपराच्या समीकरणाची दोन मुळं आली होती, ३ आणि उणे १. उणे एकाला आपण काही न बोलता टाकून दिलं, सगळे तेच करतात. पण त्यालाही अर्थ आहे. तो चेंडू छपरावरून फेकलाच नव्हता, एक सेकंद आधी जमिनीवरून कुणीतरी असा मारला होता की छपराच्या कडेपाशी तो नेमका याच वेगानं, याच दिशेनं पोचला, असं समज. तर तो जमिनीवरून निघाला तो क्षण उणे १. समीकरणाला छप्पर ठाऊक नाही, त्याला फक्त अन्वस्त ठाऊक आहे, आणि तो अन्वस्त जमिनीला दोन ठिकाणी भेटतो.

म्हणून पुढचं गणित तुझ्यासाठी. तेच छप्पर, तोच वेग २०, पण या वेळी चेंडू आडव्या रेषेच्या खाली ३० अंशांत फेकायचा. आधी मोठं चित्र, मधोमध रेघ, मग ते एक वाक्य. वर्गसमीकरणाची दोन्ही मुळं काढ आणि कशालाही खोडू नकोस. ती दोन मुळं, चिन्हं उलटी होऊन, या पत्रात आधी कुठं भेटली होती ते शोध, आणि तुझ्या ३४.६ मीटरच्या जागी, छपराच्या पातळीवर, पहिला चेंडू कोणत्या दिशेनं चालला होता ते त्यांच्याशेजारी लिहून काढ.